सरकारी कामाचा पैसा कुठे अडलाय हे कागदावरून कसं शोधायचं: गावात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आलेला सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीवर आलेली आई, गावातला अर्धवट रस्ता बघून वैतागलेला तरुण. तालुक्याच्या कचेरीत या सगळ्यांना एकच उत्तर मिळतं, "निधी आला नाही अजून." तिकडे चौकातल्या फलकावर मात्र 'निधी मंजूर' असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. कोण खोटं बोलतंय असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

काम मंजूर होणं, अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद होणं, ती रक्कम जिल्ह्याला वितरित होणं आणि देयक (बिल) होऊन कोषागारातून (सरकारी तिजोरीतून) पैसा बाहेर पडणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चारही टप्प्यांचे कागद वेगळे, कार्यालयं वेगळी. "पैसे आले का?" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं. "वितरणाचा आदेश निघालाय का, कोणत्या तारखेचा?" असं विचारलं की समोरचा माणूस फाईल काढतो. हे मी टेबलाटेबलावर विचारत शिकलो आहे आणि तुमच्या चपला तेवढ्या झिजू नयेत म्हणून क्रमाने लिहितो आहे. यातले नियम आणि नावं महाराष्ट्रातली आहेत.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

- एक जाड वही. कोणाला, कधी भेटलात आणि तो काय म्हणाला हे तारखेसह लिहिण्यासाठी.
- कामाचं पूर्ण नाव, जसं सरकारी कागदावर आहे तसंच, शब्दाला शब्द.
- कामाच्या जागेचे तारखेसह फोटो. फलक असेल तर त्याचाही.
- मोजपट्टी, शक्यतो तीस मीटरची.
- १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प.
- प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती: एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची.

१. एकच काम निवडा

"गावाला पाच वर्षांत किती निधी आला" हा प्रश्न मोठा वाटतो, पण नवख्या माणसाच्या हाती त्यातून काही लागत नाही. मिळतो तो कागदांचा ढीग, आणि त्या ढिगात काहीही दडून राहू शकतं. एक गल्ली, एक वर्गखोली किंवा एक पाण्याची टाकी निवडा. तिचे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत लावा. एका कामाची साखळी समजली की पुढचं काम निम्म्या वेळात होतं.

निवडताना गेल्या दोन-तीन वर्षांतलं काम घ्या. फार जुन्या कामाच्या फाईल अभिलेख कक्षात गेलेल्या असतात, आणि त्या शोधण्यातच उत्साह मावळतो.

२. काम कोणत्या यंत्रणेचं आहे ते पक्कं करा

निम्मे हेलपाटे इथे वाचतात. काम गावात आहे म्हणून ते ग्रामपंचायतीचं असतं असं नाही.

रस्त्यांचं उदाहरण घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग (कागदावर 'ग्रा.मा.' आणि 'इ.जि.मा.') सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. गावातून जाणारा रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग असेल, तर त्यावरच्या खड्ड्यांसाठी सरपंचाला धारेवर धरून उपयोग नाही. बजेटही त्यांचं नाही आणि अधिकारही नाही.

त्यातही एक बारकावा आहे. पैसा देणारा एक आणि काम करणारा दुसरा असू शकतो. आमदार निधी किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीला मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पातळीवर मिळते, पण काम करतो जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकामचा उपविभाग. दुसऱ्यालाच कागदात 'कार्यान्वयन यंत्रणा' म्हणतात. मंजुरीचे कागद पहिल्याकडे मागा, मोजमापाचे आणि देयकाचे दुसऱ्याकडे.

३. लेखाशीर्ष वाचायला शिका

सरकारी कागदावर '२५१५', '३०५४', '५०५४' असे आकडे दिसतात आणि नवखा माणूस ते ओलांडून पुढे जातो. थांबा, त्यांत बरंच काही असतं.

हे चार अंकी आकडे म्हणजे मुख्य लेखाशीर्ष. पहिला अंक पैशाची जात सांगतो. ० किंवा १ म्हणजे महसुली जमा, २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च, ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, ६ किंवा ७ म्हणजे कर्जं आणि आगाऊ रकमा. ३०५४ हे रस्ते आणि पुलांवरच्या महसुली खर्चाचं शीर्ष, त्यामुळे देखभाल-दुरुस्ती साधारण त्यातून होते. ५०५४ हे रस्ते-पुलांवरच्या भांडवली खर्चाचं, म्हणजे नवं बांधकाम किंवा मोठी सुधारणा. महसुली शीर्षाच्या पहिल्या अंकात २ मिळवले की त्याच विषयाचं भांडवली शीर्ष सापडतं: ३०५४ चं ५०५४, आरोग्याच्या २२१० चं ४२१०.

२५१५ हे 'इतर ग्रामविकास कार्यक्रम' याचं शीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांची कामं यातून येतात, म्हणून गावोगावी लोक सरळ "पंचवीस-पंधराचं काम" असंच म्हणतात.

याचा उपयोग काय? समजा एकाच गल्लीचं काँक्रीटीकरण एकदा २५१५ मधून आणि एकदा जिल्हा वार्षिक योजनेतून मंजूर दिसलं, तर त्या दोन वेगळ्या मंजुऱ्या आहेत की एकाच मंजुरीचे दोन कागद, हे शीर्षावरून कळतं. कामाची नावं इतकी सारखी असतात ('मौजे अमुक येथे अंतर्गत रस्ता काँक्रीटीकरण करणे') की नावावरून ते ओळखता येत नाही. एकच काम दोन योजनांतून दाखवलं जाऊ नये म्हणून मंजुरीच्या आदेशातही 'हे काम अन्य योजनेतून झालेले नाही याची खात्री करावी' अशा अर्थाची अट बऱ्याचदा असते.

४. शासन निर्णय शोधा आणि शेवटून वाचा

राज्य सरकारचे शासन निर्णय (जीआर) महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मोफत बघायला मिळतात. विभाग निवडा (ग्रामविकास, शालेय शिक्षण, पाणीपुरवठा वगैरे), तारखेचा कालावधी टाका, एखादा शब्द टाका आणि यादी खाली उतरवा. प्रत्येक निर्णयाला एक लांबलचक संकेतांक असतो आणि तो निर्णयाच्या शेवटी छापलेला असतो. तो वहीत उतरवून ठेवा. कार्यालयात "असा जीआर आमच्याकडे नाही" असं कोणी म्हणालं, तर त्या संकेतांकाने तो तिथल्या तिथे काढून दाखवता येतो.

वाचण्याची माझी पद्धत अशी.

आधी विषय बघा. विषयात 'प्रशासकीय मान्यता देण्याबाबत' आहे की 'निधी वितरित करण्याबाबत', एवढ्यावरूनच अर्धं कोडं सुटतं. पहिल्याचा अर्थ काम करायला परवानगी मिळाली. दुसऱ्याचा अर्थ पैसा हलला. फलक लागतात ते बहुतेक पहिल्या कागदावर.

मग शेवटी जा. तिथे मागणी क्रमांक, पूर्ण लेखाशीर्ष आणि खर्च कोणत्या वर्षाच्या तरतुदीतून भागवायचा हे लिहिलेलं असतं. वित्त विभागाच्या सहमतीचा संदर्भ आणि दिनांकही असतो. नियंत्रण अधिकारी कोण आणि आहरण व संवितरण अधिकारी कोण हेही तिथेच सापडतं. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कचेरीतल्या भाषेत 'डीडीओ', कोषागारात देयक सादर करून पैसे काढणारा. देयकाचा प्रश्न त्याच्या कार्यालयाला विचारायचा.

त्यानंतर सोबतचं विवरणपत्र. कामांची यादी तिथे असते. दोन गोष्टी सांभाळा. रकमेच्या स्तंभावर 'रुपये लाखात' किंवा 'रुपये हजारात' लिहिलंय का ते आधी बघा, कारण इथे घोळ झाला तर पुढची सगळी गणितं चुकतात. आणि यादी स्कॅन केलेली असेल तर गावाच्या नावाने शोध घेता येत नाही. 'सापडलं नाही' म्हणून सोडू नका, पानं डोळ्यांखालून घाला. गावाच्या नावाचं लेखनही वेगवेगळं असतं, 'बुद्रुक' आणि 'खुर्द' तर हमखास अदलाबदल होऊन येतात.

'वाचा' या मथळ्याखाली जुन्या निर्णयांची यादी असते, ती टाळू नका. योजनेच्या मूळ अटी त्या जुन्या निर्णयात असतात. नव्या निर्णयात फक्त 'मूळ अटी लागू राहतील' एवढं एक वाक्य येतं.

५. पैसा नेमका कुठे थांबलाय ते ओळखा

सरकारी वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर विभागांना तरतूद मिळते. वर्षाच्या मध्ये कमी पडलं तर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. तरतूद झाली म्हणजे सगळी रक्कम खर्चायला मोकळी झाली असं नसतं. वित्त विभाग टप्प्याटप्प्याने मुभा देतो. मग विभाग 'बीम्स' या ऑनलाइन प्रणालीवरून खालच्या अधिकाऱ्यांना निधी वाटतो. तिथे रक्कम दिसल्याशिवाय डीडीओला देयक सादर करता येत नाही. देयक तपासून कोषागार पैसे सोडतं.

म्हणून प्रश्न या क्रमाने विचारा:

- प्रशासकीय मान्यता मिळाली आहे का? क्रमांक, दिनांक, रक्कम?
- चालू वर्षात तरतूद किती? कामाच्या किमतीइतकी आहे की नाममात्र?
- बीम्सवर निधी मिळाला का? कोणत्या तारखेला, किती?
- देयक कोषागारात गेलं का? गेलं असेल तर पारित झालं की आक्षेप लागून परत आलं?

नाममात्र तरतुदीकडे लक्ष द्या. काम यादीत आणण्यासाठी किमतीच्या मानाने अगदी किरकोळ रक्कम दाखवलेली असते. ते काम मंजूर असतं, कागदावर खोटं काहीच नसतं, पण ते त्या वर्षी पुरं होणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. आठ महिने वाट बघण्यापेक्षा लोकप्रतिनिधीकडे पुढच्या तरतुदीचा पाठपुरावा तेव्हाच सुरू करा.

मार्चबद्दल थोडं जास्त. खर्च न झालेली तरतूद ३१ मार्चला व्यपगत (रद्द) होते, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागारांत रात्री उशिरापर्यंत देयकांचा ढीग असतो. जिल्हा परिषदेला मिळालेल्या निधीला मात्र पुढचं एक वर्ष खर्चासाठी मिळतं. त्यामुळे "मार्च संपला, पैसे परत गेले" हे जिल्हा परिषदेच्या कामाबद्दल ऐकलंत तर निधी कोणत्या वर्षाचा होता हे आधी विचारा. आणि मार्च अखेरीस काढलेलं प्रत्येक देयक जरा जास्त काळजीने वाचा. घाई असते तिथे मोजमाप मागे पडतं. अधिकारी वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. वर्षभर अडकलेला पैसा शेवटच्या दहा दिवसांत सोडला तर काम नीट बघायला माणसांना वेळच उरत नाही.

६. ग्रामपंचायतीच्या हातातला निधी

वित्त आयोगाचा निधी हा ग्रामपंचायतीच्या हातातला मोठा पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामीण संस्थांना मिळालेल्या अनुदानापैकी ६० टक्के बंधित होतं, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचं. उरलेलं ४० टक्के अबंधित. तेही पगारावर किंवा आस्थापनेवर वापरायची मुभा नव्हती. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. त्या वर्षांतलं काम तपासताना ते बंधितमधून झालंय की अबंधितमधून हे पहिल्यांदा बघा. बंधित निधीतून कमान उभी राहिली असेल, तर दर्जा तपासण्याआधीच प्रश्न उभा राहतो.

हे घरबसल्या बघता येतं. केंद्राच्या 'ई-ग्रामस्वराज' संकेतस्थळावर वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडत गेलात की गावाचा मंजूर विकास आराखडा आणि खर्चाचे अहवाल दिसतात. आराखड्यातली कामं आणि प्रत्यक्ष खर्च झालेली कामं शेजारी शेजारी मांडा. आराखड्यात नसलेलं काम खर्चात दिसलं, किंवा एकाच कामाला दोन-तीन वेळा पैसे दिलेले दिसले, तर तो तुमचा पहिला प्रश्न. लगेच आरोप करू नका, टप्प्याटप्प्याने दिलेली देयकंही अशीच दिसतात.

कार्यालयात बघण्यासाठी नमुना क्रमांक लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीचा हिशेब नमुना १ ते ३३ मध्ये ठेवतात. नमुना १ अर्थसंकल्पाचा, नमुना ५ सामान्य रोकड वहीचा, आणि घरपट्टीमुळे सगळ्यांना माहीत असलेला नमुना ८ कर आकारणीचा. "हिशेब दाखवा" म्हणण्यापेक्षा "अमुक महिन्याची नमुना ५ ची पानं दाखवा" म्हणा.

आणि ग्रामसभा सोडू नका. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षातली प्रस्तावित कामं आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी व तिला दिलेली उत्तरं मांडावी लागतात. शेवटची बाब बहुतेक गावांत कोणी विचारतच नाही. तुम्ही विचारा, आणि विचारल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला सांगा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मोठे विषय अशाच तहकूब सभेत चार डोकी असताना मंजूर होतात. तहकुबीची तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी नक्की जा.

७. कामाची फाईल: मोजमाप पुस्तिकेवर सगळा वेळ द्या

फाईलमध्ये साधारण या क्रमाने कागद असतात: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि तुलनात्मक तक्ता, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं, साहित्याचे चाचणी अहवाल, कामपूर्तीचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र. बाकीचे कागद वाचायला एक दुपार पुरते. मोजमाप पुस्तिका, जिला सगळे 'एमबी' म्हणतात, शांतपणे वाचा, कारण ठेकेदाराला मिळणारा प्रत्येक रुपया तिथल्या आकड्यांवरून ठरतो.

एमबीच्या पानावर कामाच्या प्रत्येक बाबीपुढे नग, लांबी, रुंदी, खोली किंवा जाडी आणि शेवटी परिमाण असतं. गल्लीच्या काँक्रीट रस्त्याची नोंद समजा अशी आहे: १ × २००.०० × ३.०० × ०.१५ = ९०.०० घनमीटर. आता मोजपट्टी घेऊन जागेवर जा. लांबी बरोबर भरली, पण रुंदी सगळीकडे २.८० मीटर निघाली, तर काँक्रीट ८४ घनमीटर झालं. ६ घनमीटर, म्हणजे पंधरावा हिस्सा, कागदावरच. जाडी १५ ऐवजी १२ सेंटिमीटर असेल तर ७२ घनमीटर होतात, म्हणजे सरळ पाचवा हिस्सा गेला. रुंदीतले २० सेंटिमीटर डोळ्यांना लगेच दिसतात. जाडीतले ३ दिसत नाहीत आणि नुकसान तिथे तिप्पट होतं.

मोजताना पाळायच्या गोष्टी:

रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका. दर वीस मीटरला मोजा आणि सरासरी काढा. गल्ली जिथे नैसर्गिकपणे अरुंद आहे तिथे अभियंत्याने वेगळी नोंद घेतलेली असू शकते, तेव्हा एमबीतल्या सगळ्या ओळी वाचा.

कडेची जाडी हा पुरावा धरू नका, कडेला काँक्रीट कमी-जास्त असतं. जाडी ठरवायला कोअर (काँक्रीटचा आरपार कापलेला गोल नमुना) काढून चाचणी करतात. तुम्ही स्वतः कुदळ चालवू नका. चाचणीची लेखी मागणी करा.

तारखा लावा. ही गोष्ट सोपी आहे आणि हमखास उपयोगी पडते. खोदाई, मुरूम आणि खडीचा थर हे काँक्रीटखाली झाकले जातात, म्हणून त्यांची मोजणी काँक्रीट पडण्याआधीच व्हायला हवी. खालच्या थराची आणि वरच्या काँक्रीटची मोजणी एकाच दिवशी दाखवलेली असेल, तर झाकलेला थर मोजला कसा हा प्रश्न विचारा. मोजणीची तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची असेल तर तोही.

सह्या बघा. मोजमाप साधारणपणे कनिष्ठ किंवा शाखा अभियंता घेतो आणि उपअभियंता काही नोंदींची तपासणी करतो. तपासणीची सही कोणत्या पानावर आणि कोणत्या तारखेची आहे ते टिपा.

एक गोष्ट मात्र संशयाची नाही. देयकाची एकूण रक्कम आणि ठेकेदाराच्या खात्यात गेलेली रक्कम जुळत नाही. देयकातून सुरक्षा अनामत, आयकर, जीएसटीची कपात, १ टक्का बांधकाम कामगार कल्याण उपकर आणि गौण खनिजाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) वजा होतं. हा फरक धरून आरडाओरडा केला तर तुमच्या पुढच्या खऱ्या मुद्द्यालाही कोणी किंमत देत नाही.

करारनाम्यातला दोषदायित्व कालावधीही शोधून ठेवा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. गाव नव्या निधीची मागणी करत बसतं आणि इकडे मुदत निघून जाते.

८. माहिती अधिकाराचा अर्ज

आधी साध्या शब्दांत मागून बघा. अनेक अधिकारी, विशेषतः तरुण अभियंते, मुद्देसूद विचारणाऱ्याला फाईल दाखवतात. नाही दाखवली तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करतात. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. 'का', 'कसे', 'योग्य आहे काय' असे प्रश्न घालू नका. कागद मागा, मत मागू नका.

मला उपयोगी पडलेला मजकूर असा:

"शासन निर्णय क्र. … दि. … अन्वये मंजूर '…' या कामाच्या संदर्भात: १) अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता व कार्यारंभ आदेशाच्या साक्षांकित प्रती. २) मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती. ३) अदा केलेल्या सर्व देयकांच्या साक्षांकित प्रती. ४) साहित्य चाचणी अहवालांच्या प्रती. ५) कलम २(ञ) नुसार मूळ नस्तीची व प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी."

पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बरेच अर्जदार फक्त प्रती मागतात आणि निवडून दिलेली पानंच हाती येतात. मूळ फाईलच्या पाहणीचा पहिला तास विनामूल्य असतो. त्या तासात पानांवरचे क्रमांक सलग आहेत का हे आधी बघा, मग हव्या त्या पानांची यादी देऊन प्रती मागा. त्याच कलमात साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचा हक्कही आहे.

ग्रामपंचायतीच्या कागदांसाठी जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी तो कलम ६(३) खाली पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, परत करायचा नसतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली किंवा उत्तर अपुरं मिळालं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा, त्याच यंत्रणेतल्या वरिष्ठाकडे, जोडपत्र 'ब' मध्ये. तिथेही न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. दोन्ही अपिलांना प्रत्येकी २० रुपये शुल्क. आयोगात वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा आणि जे मिळेल ते तिथेच पदरात पाडून घ्या.

"ठेकेदार त्रयस्थ आहे, माहिती देता येत नाही" असं लेखी उत्तर आलं तर घाबरू नका. कलम ११ ही त्रयस्थाचं म्हणणं ऐकून घेण्याची पद्धत आहे. ते ऐकून निर्णय अधिकाऱ्यालाच घ्यायचा असतो. अपिलात एवढंच लिहा की देयक सार्वजनिक निधीतून झालं आहे आणि माहिती देण्यात मोठं जनहित आहे.

दाखला, उतारा, नोंद अशा सेवांसाठी मात्र माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. त्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, 'आपले सरकार' वर अर्ज आणि अपील दोन्ही करता येतं, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

९. तफावत सापडली तर

पहिल्यांदा लेखापरीक्षण अहवाल काढा. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. त्याच्या अहवालात 'आक्षेपाधीन रक्कम' आणि 'वसूलपात्र रक्कम' असे शब्द शोधा. तुम्हाला दिसलेली गोष्ट लेखापरीक्षकाने आधीच लिहून ठेवलेली असण्याची शक्यता बरीच असते. तसं असेल तर नवी तक्रार करण्यापेक्षा त्या परिच्छेदाचं अनुपालन (पूर्तता) झालं का, वसुली झाली का, एवढंच विचारा. हा प्रश्न टाळणं कोणालाही अवघड जातं, कारण तो सरकारच्याच कागदातून आलेला असतो.

अहवालात नसेल तर तक्रार लिहा. ग्रामपंचायतीच्या कामासाठी गटविकास अधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेच्या कामासाठी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, सार्वजनिक बांधकामच्या कामासाठी कार्यकारी अभियंत्यांकडे आणि प्रत अधीक्षक अभियंत्यांना. एका पानात बसवा. कामाचं नाव, शासन निर्णयाचा क्रमांक, एमबीचा क्रमांक आणि पान, त्या पानावरचा आकडा, तुमच्या मोजणीचा आकडा, मोजणीची तारीख आणि हजर असलेल्यांच्या सह्या. 'भ्रष्टाचार', 'संगनमत', 'लूट' हे शब्द एकदाही घालू नका, अमुक माणूस चोर आहे असंही लिहू नका. मागणी एकच ठेवा: संयुक्त पाहणी करून फेरमोजणी करावी, आणि त्या वेळी अर्जदाराला हजर राहायला कळवावं.

फेरमोजणीच्या दिवशी गावातले दोन-तीन समंजस लोक सोबत घ्या, ज्यांना वाद घालायचा नाही, मोजपट्टीचं दुसरं टोक धरायचं आहे. पंचनामा जागेवरच लिहायला सांगा. प्रत्येक माप मोठ्याने वाचलं गेलं आणि लिहिलं गेलं याची खात्री झाल्यावरच सही करा. न पटलेलं माप असेल तर सहीशेजारी 'अमुक मापाबाबत हरकत' असं लिहून मगच सही करा, आणि पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.